घोड्याचा पाचवा पाय

आमच्या ह्यांचा हात म्हणजे सोन्याचा. दुकानांच्या पाट्या असोत की शाळेच्या भिंती, चित्राखाली ठसठशीत सही असायचीच. ती नाही फक्त एका चित्राखाली.

तीस वर्षांपूर्वी मुलांच्या इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात, ह्यांनी धावता घोडा रंगवला. पुढचा एक पाय चुकला, म्हणून झाकून शेजारी नवा काढला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, म्हणून झाकताना भिंतीच्या रंगाचा एकच हात मारला. महिन्याभरात खालचा पाय वर आला. घोड्याला पाच पाय!

तेव्हापासून हे त्या रस्त्यानंच जात नाहीत. मी एकदा गमतीनं म्हटलं, "पाचपायी आले वाटतं!" तर दोन दिवस अबोला.

परवा इस्पितळातून निरोप आला; घोडा ह्यांचाच हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं, नुसतं पेंटर म्हणून बोलावलं. वॉर्डाला रंग लावायचाय, घोडाही ताजा करून द्या. ह्यांनी लगेच डबे उचलले. "आता चांगले तीन हात मारतो. मरायच्या आत हा डाग पुसायचाय." मीही मागोमाग गेले. ह्यांना रंग आणि राग दोन्ही सांडायची सवय आहे.

ब्रश भिंतीला टेकणार, तोच थोरल्या नर्सबाई ओरडल्या, "अहो काका, तो पाय कुठे पुसताय? तो उसना पाय आहे आमचा!"

प्लास्टर घातलेली एक मुलगी कुबड्या टेकत आली आणि पाचव्या पायावर तळवा ठेवून उभी राहिली. "माझा बरा होईपर्यंत मी घेतलाय. मग परत देणारे."

"घोड्याला चार पुरतात, हा जास्तीचा," नर्सबाई म्हणाल्या. "पहिलं पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक पोराला तो लागतो. कोणी काढलाय देव जाणे, पण माणूस शहाणा असणार."

मी नीट पाहिलं. चार पाय जसेच्या तसे होते. पाचवा मात्र हात लागून लागून पार झिजला होता.

"देव कशाला जाणेल? मी जाणते," मी म्हटलं. "हे काय समोर उभे आहेत!"

ह्यांचे कान लाल झाले. भिंतीच्या रंगाचा डबा बंद करून ह्यांनी तपकिरी उघडला. पाचव्या पायाला तीन हात मारले, बाकी घोड्याला बोटही लावलं नाही. मग गुडघे धरत खाली बसले आणि सही केली. तारीख घातली तीस वर्षांपूर्वीची.