पटावरची टेकडी

मित्रांनो, मी तळहाताएवढा, सहा कोनांचा एक जुना लाकडी ठोकळा आहे आणि माझ्या पाठीवर एक टेकडी आहे. लढाईच्या खेळात टेबलावर रणांगण मांडतात ना, त्याचा मी एक तुकडा. मला साठ भावंडं. कुणाच्या पाठीवर नदी, कुणाच्या जंगल, कुणाच्या दलदल. कुणालाही कुणाशेजारी ठेवा, कडेला कड चपखल बसते. त्यामुळे आमचं रणांगण दर वेळी नवंकोरं!

आम्हाला घडवलं ताईंनी. त्या ओतशाळेत धातूच्या ओतकामासाठी लाकडी साचे बनवायच्या. तिथे केसभर चूक चालत नाही, म्हणून हात पक्का. माझी टेकडी त्यांनी तीनदा तासली. "नुसता उंचवटा नको. चढताना दम लागला पाहिजे," असं त्या म्हणायच्या.

खेळायला त्यांचा धाकटा भाऊ यायचा. एरवी तो बसचालक, सुट्टीच्या दिवशी सेनापती. शिशाचे बोटभर सैनिक माझ्यावर चढत. उंचावरून मारा लांब जातो, म्हणून माथा मिळवायला बहीणभाऊ हमरीतुमरीवर येत. मला काय भाव होता म्हणून सांगू!

मग ताईंची नजर अधू होत गेली आणि वर्षभरात त्यांना दिसेनासंच झालं. "बास झाला खेळ," त्या म्हणाल्या. आम्ही खोक्यात भरून कपाटावर गेलो. चार वर्षं धूळ खात पडलो.

एके दिवशी भावाने खोकं खाली काढलं. "ताई, हे वाचनालयाला देऊन टाकू का?"

"दे. मला काय करायचंय त्यांचं?" असं म्हणत त्यांनी खोक्यात हात घातला. हाताला मी लागलो. अंगठा उतारावरून फिरला आणि थांबला.

"ही टेकडी. इकडून चढ उभा, मागून सोपा."

भावाने दुसरा ठोकळा हातात दिला.

"नदीचं वळण." मग तिसरा. "दलदल. अरे, बघतोस काय? मांड की सगळे!"

त्या दुपारी लढाई जुंपली. भाऊ आपली चाल बोलून दाखवायचा, ताई बोटांनी रणांगण वाचायच्या. मध्येच त्याने गुपचूप एक तोफ पुढे सरकवली. ताईंची बोटं तिच्यावर गेली.

"दलदलीतून तोफ एका दमात पार? उचल, मागे ठेव!"

तो पोट धरधरून हसला. ऊन उतरायच्या आत ताईंची पलटण माझ्या माथ्यावर पोचली आणि त्याने हार मानली. लढाई जिंकली ताईंनी, पण छाती फुगली माझी!

आता दर सुट्टीला खेळ असतो. बोटं फिरून फिरून माझा हिरवा रंग उडाला आहे. परवा भाऊ ब्रश घेऊन आला, तेव्हा ताई म्हणाल्या, "राहू दे. रंगाने कंगोरे बुजतील."

म्हणून मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, पण कपाटावर ठेवून नव्हे. त्यांना रोजचा हात लागू द्या. मी हातांनीच झिजलो आहे, आणि मला त्याचाच अभिमान आहे.