लाजेचं क्रियापद

जुईच्या शाळेच्या निबंधाचा एक कागद प्रिंटरवर राहून गेला होता. पहिल्याच ओळीत 'मे' हा डच शब्द दिसला तसा स्वानंदीने तो घडी घालून पर्समध्ये टाकला. बुइटनव्हेल्डर्ट या त्यांच्या वस्तीतल्या वाचनालयात चालणाऱ्या डच वर्गात त्या आठवड्यात हेच सुरू होतं. डचमध्ये नुसतं 'मी चुकते' म्हणून भागत नाही, 'मी मला चुकते' म्हणावं लागतं, आणि तो 'मला' म्हणजे 'मे'. असं एक वाक्य प्रत्येकाने घरून शोधून आणायचं होतं.

बार्शीहून येऊन तिला तीन वर्षं झाली होती. इंग्रजीही तोडकंमोडकंच. वर्गात ती आपणहून कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र पहिला हात तिचा वर गेला.

"इक स्खाम मे फोर मेइन मूडर," तिने ठासून वाचलं. "माझ्या मुलीने लिहिलंय."

'फोर' म्हणजे साठी, 'मूडर' म्हणजे आई. पोरीने आईसाठी काहीतरी लिहिलंय, एवढं तिला उमगलं होतं.

शेजारची पोलिश बाई वहीत बघत राहिली.

"व्याकरण अगदी बरोबर आहे," शिकवणाऱ्या मारैकेबाई हळूच म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

वर्ग सुटल्यावर स्वानंदी थांबली. "अर्थ काय त्याचा?"

बाई तिच्याजवळ येऊन बसल्या. सोप्या इंग्रजीत म्हणाल्या, "इथे 'फोर' म्हणजे साठी नाही. मला माझ्या आईची लाज वाटते, असं लिहिलंय."

"पुढचं वाचा."

"राहू दे ना."

"वाचा."

पुढे निबंधात होतं : आईला डच येत नसल्याने, तिला पाळीत किती रक्त जातं हे जुईलाच डॉक्टरांपाशी बोलून सांगावं लागलं होतं. डॉक्टर पुरुष होते. आई शेजारी बसून नुसती मान डोलवत होती. शेवटी लिहिलं होतं : आणि अशी लाज वाटते, याचीही मला लाज वाटते.

वारा समोरून होता. स्वानंदी सायकल हाताने ढकलतच घरी आली.

बारा वर्षांची जुई सोफ्यावर पाय दुमडून बसली होती.

"उद्या तुझ्या शाळेत पालकसभा आहे ना?" स्वानंदी म्हणाली. "बाबा एकटेच येतील. मला जमणार नाही."

जुईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"ओके," ती म्हणाली, आणि तिचे खांदे सैल पडले.

ते स्वानंदीला दिसलं. ती कुकर लावायला आत गेली.