गप्प बसलेला मॉडेम

लॅबमधल्या त्या मॉडेमवर माझा पहिल्यापासून राग. नंबर लागला की मांजरं भांडल्यासारखा किंचाळायचा आणि काम अर्ध्यात टाकून मोकळा व्हायचा. त्या दुपारी तर त्याने अंतच पाहिला. माझ्या थोरल्या बहिणीच्या मानेतल्या गाठीतून काढलेल्या पेशींची काचपट्टी आमच्याच लॅबमध्ये मी तयार केली होती. लॅबच्या डॉक्टरबाईंना कॅन्सरची शंका आली, म्हणून सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो दुसऱ्या शहरातल्या त्यांच्या सरांना पाठवायचा होता. सर तो बघून फोनवर निकाल सांगणार होते. फोटो जाताना लाइन दोनदा मध्येच तुटली.

"एवढा का ओरडतो गं हा?" ताईने विचारलं.

"फोनच्या तारेतून फक्त आवाज जातो ना! म्हणून हा कॉम्प्युटरच्या शून्य आणि एकचे सूर करतो. पलीकडचा मॉडेम ते ऐकून पुन्हा आकडे करतो. लाइनीत खरखर आली की त्याचा गोंधळ उडतो."

"मग सावकाश बोलायला सांग की त्याला!"

तेच केलं. वेग कमी केला की सूर मोजके आणि वेगवेगळे राहतात, खरखरीतही ओळखू येतात. फोटो रखडत गेला, पण गेला एकदाचा.

मग आम्ही फोनकडे डोळे लावून बसलो. फोन काही वाजेना.

"वाईटच असणार," ताई हळूच म्हणाली. "चांगलं असतं तर लगेच कळवलं असतं."

मलाही तेच वाटत होतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी डॉक्टरबाईंनाच राहवेना. सरांना फोन लावायला त्यांनी रिसीव्हर उचलला आणि झटकन कानापासून लांब धरला. "अगं बये, हा अजून चालूच आहे!"

एकदा जोडणी जमली की मॉडेमचा स्पीकर बंद होतो. सूर मात्र तारेत चालूच राहतात. खोली शांत झाली आणि मला वाटलं, फोटो गेल्यावर यानेच फोन ठेवला. फोन आणि मॉडेम दोघांना मिळून एकच लाइन, आणि ती आम्हीच अडवून धरली होती.

मी मॉडेमची वायर उपटलीच. बाईंनी रिसीव्हर ठेवला न ठेवला तोच फोन खणाणला.

"दुसऱ्या फोनवरून नंबर फिरवून बोट झिजलं माझं!" सर इतके ओरडले की आम्हालाही ऐकू आलं. "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही!"

ताईने माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

"तासभर मेले होते मी," ती म्हणत होती, "तासभर!"