दिवेलागणीचे पप्पा

बालाजी फौजेतून सुट्टीवर येऊन सहा दिवस झाले होते, आणि त्याची चार वर्षांची लेक सृष्टी अजून एकदाही त्याच्याजवळ आली नव्हती. अख्खं कुरुंदा गाव भेटून गेलं, शाल-नारळ झालं, पेढे झाले. ही एवढीशी मात्र त्याला बघितलं की आईच्या पदराआड. अकरा महिन्यांनी रजा मिळाली होती. पोरीनं एकदा गळ्यात पडावं, एवढंच त्याला हवं होतं.

चूक त्याचीच होती, आणि केली होती मायेपोटी. बर्फातल्या ज्या चौकीवर तो गेला तिथं फोन लागत नव्हता. लेकरू आपल्याला विसरेल या धास्तीनं निघण्याआधी त्यानं स्वतःचे चाळीस व्हिडिओ करून बायकोच्या, जाईच्या मोबाईलमध्ये ठेवले. मोठाच हुशार! 'जेवलीस का?' विचारायचं, पोरीला बोलायला जागा ठेवून गप्प राहायचं, मग मान डोलवून 'बरं बरं' म्हणायचं. रोज दिवेलागणीला जाई हळदीनं पिवळे झालेले हात धुवायची आणि त्यातला एक लावून द्यायची. पोरगी समजायची, पप्पांचा फोन आला.

सातव्या दिवशी बालाजी उंबऱ्यावर बसला होता. सृष्टीनं आपल्या हातानं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला. पडद्यावर वर्दीतला बालाजी हसला, जेवलीस का म्हणाला. पोरगी पुढं सरकली आणि हळूच बोलली.

"पप्पा, तो माणूस अजून गेला न्हाई. आपल्यातच जेवून राहिला."

पडद्यावरचा गप्प राहिला. सगळं ऐकून घेतल्यासारखी त्यानं मान डोलवली.

"बरं बरं. घाबरू नको. मी हाय ना."

उंबऱ्यावरच्या बालाजीच्या अंगावर सरसरून काटा आला. शब्द त्याचेच होते. पोरगी अंधाराला भिते म्हणून त्यानंच ते घातले होते. तरी त्याला वाटलं, हा आपल्याकडेच रोखून बघतोय. आपल्याच तोंडाची त्याला भीती वाटली.

सकाळी उठल्याबरोबर त्यानं चाळीसच्या चाळीस व्हिडिओ पुसून टाकले. जाईनं अडवून पाहिलं. तुमी परत जाल, मग हिला कोण, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

त्या संध्याकाळी पोरगी काळ्या पडद्यापुढं बसून राहिली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही घास घेईना. तिसऱ्या दिवशी अंग तापलं. डॉक्टरांनी औषध दिलं, ते तिनं थुंकून टाकलं. जाई तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिली.

दिवेलागणीला त्यानं वर्दीचा शर्ट चढवला, मागचं दार ओढून घेतलं आणि शिजवलेली हळद वाळत घातली होती त्या अंगणात उभं राहून जाईच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला.

"पप्पा!"

दहा दिवस ज्या हाकेसाठी त्याचा जीव तुटत होता ती हाक भिंतीपलीकडून आणि मोबाईलमधून एकदमच आली. बाहेर ये, तो माणूस म्हणजे मीच, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. पण पोरीचा चेहरा इतका उजळला होता की त्याची जीभच वळेना.

"तो गेला का, पप्पा?"

"गेला," बालाजीच्या तोंडून निघून गेलं.

"परत आला तर? कडी लावू का?"

अंगवळणी पडल्यासारखी त्याची मान डोलली.

"बरं बरं."

पडद्यावरून पोरगी दिसेनाशी झाली. त्याच्या पाठीमागं दाराची खालची कडी आतून सरकली. मग सृष्टी परत येऊन बसली, तिनं ताट पुढं ओढलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा घास घेतला. जाई शेजारीच होती. तिनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा पोरीकडं, आणि पोरगी जेवतेय म्हणून ती जागची उठली नाही.