मुळ्याला लागतात पंचेचाळीस दिवस

सत्यजीत आणि सुशांत या भावांनी वडिलांची वाटणी केली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी त्यांना शाबासकी दिली होती. आई गेल्यावर कुणा एकावर भार नको, म्हणून बाबांनी एक महिना करंजाड्याला सत्यजीतकडे राहायचं, एक महिना खारघरला सुशांतकडे. एक तारीख उजाडली की काशिरामबाबांची बॅग गाडीत! भांडण नाही, तंटा नाही. सत्यजीतला तर स्वतःचा अभिमानच वाटायचा.

एक डिसेंबरला बाबा करंजाड्याला आले आणि तळमजल्यावरच्या घरामागे, चार हात जागेत त्यांनी मुळ्याचं बी पेरलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा जीव कशात तरी रमला होता. सकाळ झाली की उकिडवे बसायचे, दाटीतली रोपं उपटायचे आणि सूनबाईला म्हणायचे, "ऋचा, आज पाल्याची भाजी कर गं!"

महिनाअखेरीला मुळे जेमतेम करंगळीएवढे झाले. चहा घेताना बाबा चाचरत म्हणाले, "सत्या, अजून पंधरा दिवस राहू का रे? मुळे तयार होतील."

"बाबा, ठरलंय ते ठरलंय. एकदा मोडलं की सगळंच बिघडतं."

बाबांचा चेहरा उतरलेला पाहून त्याला वाईटही वाटलं. लगेच त्याने रोपं मातीसकट उकरली, टबात लावली आणि टब डिकीत ठेवला. "घ्या, तुमचे मुळे तुमच्याबरोबर!"

"मुळा हलवून लावत नाहीत रे," बाबा एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

खारघरच्या बाराव्या मजल्यावर चार दिवसांत मुळ्यांनी माना टाकल्या.

फेब्रुवारीत बाबा परत आले, पण बॅग उघडून कपाटात काही लावेनात. सदरा काढायचा, घालायचा, धुऊन वाळला की पुन्हा बॅगेत. टॉवेलसुद्धा! सत्यजीतने हौसेने नवीन बी आणलं. "नको रे, महिन्यात काय होणार?" म्हणून त्यांनी पुडी परत केली.

वरच्या मजल्यावरच्या शहाबानोखाला खीर घेऊन आल्या होत्या. बाबांकडून सगळं कळल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी सत्यजीतला बाजूला घेतलं.

"बेटा, पाहुण्यासारखं का ठेवलंयस त्यांना?"

"खाला, काय कमी आहे त्यांना? दोन्हीकडे स्वतंत्र खोली आहे, औषधं वेळेवर..."

"खोल्या दोन आहेत, घर एक तरी आहे का? तुमच्या पोटापाण्यासाठी गाव सोडलं त्यांनी. या वयात पंधरा दिवस मागितले, तेही नाही दिलेस! मुळ्याला हलवायचं नाही, हे त्यांनी सांगितलं होतं ना? मग माणसाला कसं हलवत राहिलास?"

अरे देवा! हे सत्यजीतच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने तिथूनच सुशांतला फोन लावला. दोघेही भाऊ फोनवर रडले. मग सत्यजीत बाबांच्या पायाशी बसला.

"बाबा, चुकलो मी. आता कुठे जायचं नाही. तुम्ही कायमचे इथेच. सुशांत दर रविवारी येईल."

"बरं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "मग एक तारखेला गाडी किती वाजता?"

सत्यजीतने त्यांना मिठी मारली आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण त्याचं म्हणणं काही त्यांच्या मनात उतरेना.

मंडळी, आईवडिलांच्या पाळ्या लावून आपण मोठा न्याय केला असं समजतो. त्या पाळीत त्यांचं घर हरवतं आणि ते पुन्हा उभं करायला, आपण कितीही रडलो तरी, त्यांच्याकडे दिवस उरलेले नसतात.