केळ्याच्या बरणीतलं खलास

"मृणाली, ती किड्यांची बरणी आत्ताच्या आत्ता खाली कचऱ्यात टाक, नायतर मी टाकते!"

"मम्मी, नो! दे आर माय एम्ब्रियोज!"

"संध्याकाळी पाहुणे येणारेत, आणि किचनमध्ये हिचे किडे!"

मित्रांनो, मी एक जुनं चिलट आहे. जुनं म्हणजे दोन आठवड्यांचं. हसू नका, आमच्यात तेवढं लई झालं. बहरीनमधल्या गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये हे भांडण पेटलं तेव्हा मी अंड्यात होतो, सडक्या केळ्यावर. ऐकणार कशानं? डोकंच नव्हतं! हे सगळं नंतर बरणीतल्याच एका माशीनं, माझ्या मावशीनं सांगितलं.

तेवढ्यात मृणालीचे पप्पा ड्युटीवरून आले. दोघींचं ऐकलं आणि हात झटकून ओरडले, "खलास!"

बरणीत सगळे गार. आम्ही मराठी किचनमधल्या माश्या. खलास म्हणजे मेलोच की!

आणि इकडे अंड्यात काय धमाल चाललेली! आमच्या आईनं अंड्याच्या एका टोकाला निरोप ठेवलेला. तिथं तो दाट, पुढं पुढं पातळ. माझ्या सगळ्या पेशींकडे जनुकं सेम टू सेम. पण निरोप दाट तिथं काही जनुकं चालू झाली: तू डोकं हो! जरा पातळ तिथं दुसरी: तू छाती हो! निरोप तोच, जागा बदलली की अर्थ बदलला! आणि चुकीच्या जागी चुकीचं जनुक चालू झालं तर? मृणालीच्या पुस्तकात फोटो आहे, एका माशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय! आईशप्पथ!

खलासचंही तसंच निघालं. यांच्या गावी, चिपळूणला, खलास म्हणजे संपला. बहरीनमध्ये खलास म्हणजे मिटलं, आता भांडू नका. पप्पांनीच बरणीला फडकं बांधलं, वर रबर लावलं. मम्मीला म्हणाले, "मालू, ऱ्हाऊ दे गं. पोरगी शिकतेय."

मग काय! रोज मृणाली शाळेत गेली की मम्मीच भिंग घेऊन बरणीत डोकावायची. मी बघितलंय.

आज प्रोजेक्ट संपला. मम्मीनं बरणी उचलली, म्हणाली, "खलास." मी सहाही पायांनी फडक्याला चिकटलो. हे कुठलं खलास? पण ती कचऱ्याकडे नाही, बाल्कनीकडे चाललीय!

मित्रांनो, काळं पडलेलं केळं रागारागानं फेकण्याआधी एकदा नीट बघा. तिथं कुणाचं तरी डोकं अजून व्हायचं असेल. आणि दुसरं म्हणजे...

रबर सुटलं! यल्ला, चला, मला निघायला हवं.