हसताना चौदा, झोपेत पंचवीस

“बाई, हात! हात सरळ करा!” सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडल्या आणि चपला फटफटवत धावत आल्या.

कंडक्टरबाईंचं मशीन केकाटत होतं. पण बाईंचं लक्ष होतं कुठे! समोरच्या टीव्हीत मोठ्या रंगाऱ्याचा पाय बादलीत अडकला होता, धाकटा तो ओढून काढत होता आणि मधला शिडीच्या टोकावरून “थांबा, मी आलो” म्हणत होता. तो कसा येणार हे बाईंना तोंडपाठ होतं. तरी तो शिडीसकट आला, आणि बाई अशा काही हसल्या की डावा हात कोपरात दुमडला तो दुमडलाच.

सिस्टरांनी हात सरळ केला, दोन्ही सुया तपासल्या, बटण दाबलं. थांबलेला पंप पुन्हा फिरू लागला आणि नळीतलं रक्त पुढे सरकलं.

“आज दुसऱ्यांदा, बाई. हात वाकला की नळीत दाब वाढतो आणि मशीन थांबतं. किती वेळा सांगायचं माणसानं?”

“कळतं हो. बेल वाजली, गाडी थांबली,” बाई मोकळ्या हाताने डोळे पुसत म्हणाल्या. “एकतीस वर्षं बसमध्ये दुसरं काय केलं मी? एक बेल, थांब. दोन बेल, चल. तुमच्या या डब्याला एकच बेल येते, त्याला मी काय करू?”

सिस्टर तोंड फिरवून हसल्या. शेजारच्या खुर्चीतले मास्तर मात्र हसले नाहीत. ते छताकडे बघत होते.

“मास्तर, छताकडे नाही! नियम आहे,” बाई गरजल्या.

“बघतोय,” मास्तर म्हणाले, आणि फाशीची शिक्षा ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने त्यांनी नजर टीव्हीवर आणली.

नियम दोघांनी मिळून केला होता, म्हणजे भांडून केला होता. डायलिसिसच्या त्या खोलीत खुर्च्या चार, मशीनं चार आणि टीव्ही एक. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. बाकीचे दोन पेशंट सुया टोचल्या की तोंडावर चादर ओढून घोरायला लागत. जागे राहत ते बाई आणि मास्तर. बाईंना हवी असायची ‘धपाधप’, तीन रंगारी भावांची जुनी मालिका. मास्तर सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना हवी असायची ‘अंदाज’. त्यात हवामान खात्याच्या कचेरीत चार माणसं बसून असतात, कोणी फारसं बोलत नाही आणि खात्याचा अंदाज रोज चुकतो. बस्स, एवढंच. बाईंच्या मते ती मालिका नव्हतीच, कुणीतरी कॅमेरा चालू ठेवून जेवायला गेलं होतं.

पहिले दोन महिने रिमोटची नुसती ओढाओढ चालली. मग तह झाला. सोमवार बाईंचा, बुधवार मास्तरांचा, शुक्रवारी अर्धा वेळ बाईंचा, अर्धा मास्तरांचा. दुसऱ्याच्या वारी डोळे मिटायचे नाहीत, छताकडे बघायचं नाही. आणि भाग संपला की ज्याचा वार असेल त्याने विचारायचं, “सांगा, गंमत कुठे होती?” समोरच्याने उत्तर द्यायचंच.

बाईंचं उत्तर कायम चुकायचं. गेल्या बुधवारचीच गोष्ट. ‘अंदाज’चा एक भाग संपता संपता बाई एकदम खदखदून हसल्या आणि अर्थातच मशीन केकाटलं.

“इथे?” मास्तरांनी चष्मा काढला. “इथे कशाला हसलात?”

“अहो, तो मागचा शिपाई! फाइल घेऊन निघाला आणि गुडघा टेबलाला आपटला त्याचा. आणि साहेबासमोर ओरडता येईना, म्हणून लंगडत लंगडत सलाम केला!”

“हा भाग मी चाळीस वेळा पाहिलाय. त्यात शिपाई नाही.”

“आहे.”

“नाही. आणि गंमत तिथे नाहीच. गंमत शेवटी आहे. ती तुम्हाला दिसली का?”

“शेवटी काय आहे? म्हातारा साहेब घरी जातो. त्यात हसण्यासारखं काय आहे, मेला तो रोजच जातो!”

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला होता आणि रिमोट उशाखाली ठेवून दिला होता.

तर आज सोमवारी, शिडीचा प्रसंग आटोपून तिघे भाऊ रंगात न्हाऊन निघतायत तोच सेंटरचे मॅनेजर आत आले. हातात कागद. भिंतीला टेप लावून त्यांनी तो चिकटवला आणि स्वतःच मोठ्याने वाचला. टीव्हीवर करमणुकीचे कार्यक्रम यापुढे बंद. त्याऐवजी आहार आणि पथ्य यांवरची माहितीची फिल्म चालेल, आवाज न करता.

“का?” बाईंनी विचारलं.

“अलार्म फार वाजतायत, बाई. या खोलीतले सगळ्यात जास्त. सिस्टरांची पळापळ होते. तुमच्याच तब्येतीसाठी सांगतोय. जरा शांत पडून राहावं.”

“शांत पडायला पुढे वेळच वेळ आहे,” बाई म्हणाल्या. “साहेब, नीट ऐका. पाणी किती प्यायचं ते तुम्ही ठरवता. मीठ किती, फळ कोणतं, तेही तुम्हीच. माझं रक्तसुद्धा तुमच्या मशीनला विचारून अंगात येतं. मी कधी हूं की चूं केलं? पण हसायचं किती आणि कशावर, ते मी ठरवणार. घरी मुलगा म्हणतो, आई, हे काय पोरकट बघतेस, आवाज कमी कर. तिथे कमी करते, कारण घर त्याचं आहे. ही खुर्ची माझी आहे. आठवड्याचे बारा तास ही माझी आहे!”

“बाई, भावनेचा प्रश्न नाही हा—”

“एक मिनिट,” शेजारून आवाज आला. मास्तरांनी उशाखालून चौकटीची वही काढली होती. “मी गेल्या महिन्यात नोंद ठेवली आहे. वेळ जात नव्हता म्हणून. खोलीतले एकूण अलार्म एकोणचाळीस. त्यातले हसताना चौदा.” त्यांनी पान उलटलं. “आणि झोपेत कूस बदलताना पंचवीस. तेव्हा साहेब, काही बंदच करायचं असेल तर आधी झोप बंद करा.”

मॅनेजर वहीकडे वाकले. चादरीखालच्या एकाचं घोरणं चालूच होतं. मग त्याने कूस बदलली आणि त्याचं मशीन वाजलं.

“सव्वीस,” मास्तर म्हणाले आणि पेन्सिलीने रेघ मारली.

बाई हसल्या, सिस्टर हसल्या, मॅनेजरांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात दडवलं. शेवटी तोडगा सिस्टरांनीच काढला. टीव्ही चालू राहील, पण बाईंनी हात फळीला बांधून घ्यायचा, म्हणजे वाकणार नाही. बाईंनी कुरकुर केली. बांधलेल्या हाताने हसणं म्हणजे बूट घालून झोपण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण पट्टी बांधून घेतली. कागद भिंतीवरून निघाला.

“मास्तर, तुम्ही माझ्या बाजूने बोललात,” मॅनेजर गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या.

“मी आकड्यांच्या बाजूने बोललो. तुमची मालिका मला अजूनही भिकार वाटते.”

“वाटू दे की!”

मास्तरांनी वही उशाखाली सरकवली. त्यांचा चेहरा गेले काही दिवस सुजलेला दिसायचा, आणि दोन वाक्यांमध्ये त्यांना श्वास घ्यावा लागायचा. मग टीव्हीकडेच बघत ते म्हणाले, “शिपाई आहे.”

“काय?”

“घरी जाऊन पुन्हा लावून पाहिलं. उजवीकडे कोपऱ्यात. गुडघा आपटतो.” श्वास. “चाळीस वेळा पाहिलं, आणि मला तो बिचारा दिसला नाही. चांगला लंगडतो.”

“मग? हसलात का?”

“हं,” मास्तर म्हणाले. मास्तरांचं हसणं ते एवढंच. ‘हं’, आणि चादरीखाली डाव्या पायाचा अंगठा जरासा हलायचा. “आता तुमची पाळी. शेवट नीट बघा. बुधवारी तोच भाग लावतो.”

बुधवारी बाई आल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीवर धुतलेली चादर ताणून घातलेली होती. मशीन बंद होतं. उशाखाली वही नव्हती.

सिस्टरांनी बाईंचा हात हातात घेतला, सुया टोचायच्या आधी. “काल सकाळी,” त्या म्हणाल्या. “घरीच. हृदय थांबलं. मुलगी फोनवर सांगत होती.”

बाईंनी मान हलवली. या खोलीत खुर्ची रिकामी होणं त्यांना नवीन नव्हतं. तीन वर्षांत त्यांनी पाच शेजारी पाहिले होते. आधीच्या चौघांसाठी त्यांनी हात जोडले होते आणि सोडून दिलं होतं. आज सुई कधी गेली तेही कळलं नाही. त्यांना राग आला होता. माणसाने शेवट बघायला सांगावं आणि स्वतः असं निघून जावं, ही काय रीत झाली?

सिस्टरांनी फळी पुढे केली.

“आज फळी नको.”

“बाई, ठरलंय आपलं.”

“आज नको म्हटलं ना! तुम्ही बसा हवं तर शेजारी, धरून ठेवा हात. बांधू नका.”

मॅनेजर दारातून आत आले. त्यांचा चेहरा खरोखरच उतरलेला होता. आवाज खाली आणून ते म्हणाले, “आज टीव्ही बंदच ठेवू या. मास्तरांसाठी. तेवढी शांतता पाळायला हवी.”

“बुधवार आहे,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे आज त्यांचा वार आहे. माणूस गेला म्हणून वार जात नाही. रिमोट द्या इकडे.”

मॅनेजरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी रिमोट बाईंच्या उजव्या हातात दिला आणि स्टूल ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. मॅनेजर दारातच उभे राहिले. त्यांना जाताही येईना.

बाईंनी तोच भाग लावला. चार माणसं, चार टेबलं, घड्याळ. कोणी बोलेना. बाईंनी छताकडे पाहिलं नाही. डोळे मिटले नाहीत. कोपऱ्यात शिपायाने गुडघा आपटला तेव्हासुद्धा त्यांनी ओठ घट्ट मिटून ठेवले, कारण आज त्याच्यावर हसायचं नव्हतं. म्हाताऱ्या साहेबाने कागद पुढे ओढला, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘उद्या आकाश निरभ्र राहील’, खाली सही केली, टेबल आवरलं. सगळ्यांना मान लववली. दाराशी गेला. बाई खुर्चीत पुढे झुकल्या. दारामागे खुंटी होती. साहेबाने खुंटीवरून काळी छत्री काढली, एकदा उघडून तपासली, मिटली, काखेत घातली आणि निघून गेला. आत कोणी मान वर केली नाही.

“छत्री!” बाई ओरडल्या. “अहो, छत्री! निरभ्र लिहिलं आणि छत्री घेऊन निघाला मेला!”

आणि त्या हसल्या. पोटातून, खांदे गदागदा हलवत, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात हसल्या. हसता हसता रडू फुटलं, तेही त्यांनी आवरलं नाही. सिस्टर हात धरून होत्या, तरी तो वाकला. मशीन केकाटलं. पंप थांबला.

चादरीखालचे दोघेही जागे झाले. मॅनेजर दारातून एक पाऊल आत आले.

“छत्रीत होती गंमत, मास्तर,” बाई रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. “बघितला शेवट. ठीक होता.”

सिस्टरांनी हात सरळ केला, सुया पाहिल्या, बटण दाबलं. आवाज थांबला आणि पंप फिरू लागला.

बाईंनी उजव्या हातातला रिमोट खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर आपटला. टण. टण.

मग त्यांनी डोळे पुसले आणि ‘अंदाज’चा पुढचा भाग लावला.